मिशाळ्यांची वाटणी

सोमवार, ३ फेब्रुवारी

दादा,

तू भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत जाहीर केलंस की आजपासून माझ्याशी बोलणं बंद. ठीक आहे. लिहिण्याबद्दल तू अवाक्षर काढलं नव्हतंस, म्हणून लिहितोय. फोन तू उचलत नाहीस. रस्ता ओलांडून मी येतोय असं दिसलं की तू पडदा ओढून घेतोस. परवा तर गिऱ्हाईक आत असताना ओढलास. त्या बिचाऱ्याला वाटलं, हा डोळे तपासण्याचाच भाग आहे.

पत्र घेऊन येणाऱ्या बँकेतल्या बाईंवर संशय घेऊ नकोस. त्यांचा चष्मा दांडी बसवायला माझ्याकडे आहे आणि चष्म्याशिवाय त्यांना स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ दिसत नाही. तेव्हा वाटेत हे पत्र कुणी वाचलेलं नाही, याची शंभर टक्के हमी. त्या रस्ता ओलांडेपर्यंत मी दारात उभा राहून बघतोय. तुझ्या पायरीशी आल्या की पुढचं तू बघ.

विषय माशांचा आहे. दुसरा कुठलाही विषय मी काढणार नाही. बिल्ल्यांवरून जे झालं त्यात माझं चुकलं असं मी लिहिणार नाही, कारण चुकलेलं नाही. पोस्टमास्तर तुझे जिवलग मित्र असतील, पण दुकानात आल्यावर त्यांनीही इतरांसारखा नंबराचा बिल्ला घ्यावा आणि बाकावर बसावं, एवढंच मी म्हणालो होतो. त्यावरून तू थेट वाटणीवर गेलास. बरं, गेलास. रीतीने केलंस हेही मान्य. थोरल्याने वाटे घालायचे, धाकट्याने आधी उचलायचं. डोळे तपासायचं यंत्र आणि अक्षरांचा तक्ता एकीकडे, काचा घासायचं मशीन आणि फ्रेमा दुसरीकडे. मी मशीन उचललं. तू यंत्र घेऊन समोरच्या शिंप्याच्या रिकाम्या गाळ्यात गेलास.

आता लोक तुझ्याकडे नंबर काढतात, रस्ता ओलांडून माझ्याकडे काचा बसवतात आणि नीट दिसतंय का ते तपासायला परत तुझ्याकडे जातात. एका चष्म्यापायी तीनदा रस्ता. काल एक आजोबा मला म्हणाले, "तुम्ही भाऊ डोळ्यांचं काम करता की गुडघ्यांचं?"

तर मासे. आपले सहा मिशाळे तू दोन बरण्यांत काढलेस. एकीत तीन जाडे, दुसरीत तीन बारीक, आणि बारकांची भरपाई म्हणून त्यांच्या बरणीशेजारी हवेचा नवा पंप. मी जाडे उचलले. तू तोंड फिरवून हसलास ते मी पाहिलं होतं.

त्या जाड्यांनी माझ्या टाकीत आल्यापासून संप केला आहे. आठवतं, सहाच्या सहा कसे रेतीत मिशा खुपसून ओळीने फिरायचे? एकाने वळण घेतलं की बाकीचे मागोमाग, आणि मधेच एखादा सुर्रकन वर जाऊन हवेचा घोट घेऊन यायचा. आणि ते बुबुळ खाली फिरवून डोळा मारणं! फ्रेम निवडायला बसलेल्या बायका लाजायच्या. आता तिघीही, म्हणजे तिघेही, फिल्टरच्या मागे तोंड लपवून बसतात. खाण्याच्या गोळ्या टाकल्या तरी दुकान बंद होईपर्यंत बाहेर येत नाहीत. मासेवाला म्हणतो, हे कळपातले मासे आहेत, सहाच्या खाली यांना धीर येत नाही. शिवाय ही जात सध्या बाजारात येत नाही, आणि दुसऱ्या जातीचे आणले तर हे त्यांना ओळख दाखवत नाहीत.

तेव्हा तुझे तीन इकडे पाठव. तुझेही कोपऱ्यात बसून असतात हे मला माहीत आहे. आपल्या बायका संध्याकाळी बरोबर फिरायला जातात. त्यांचं बोलणं काही बंद झालेलं नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. पोस्टमास्तर सांगत होते, नदीपलीकडच्या डोळ्यांच्या दवाखान्याशेजारी तुला जागा मिळतेय, आणि तिथल्या डॉक्टरांनी तुला बोलावलंय. जा की. मला काय त्याचं! सहज कानावर आलं म्हणून लिहिलं.


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर पोचलं. नंबराच्या चिठ्ठीच्या पाठीमागे "मासे मिळणार नाहीत." बोलणं बंद असलेल्या माणसाकडून अख्खं वाक्य आलं, हे काय थोडं झालं? मी ते आरशाच्या कडेला खोचून ठेवलंय. बायको म्हणाली, "भाऊजींनी नाही म्हटलंय ना? मग एवढं हसायला काय झालं?" तिला काय कळणार!

पण आज जे कळलंय ते वाचून तूही खुर्चीवरून पडशील. खुर्ची धर.

मासेवाल्याला मी टाकी बघायला बोलावलं होतं. तो समोरून बघेना, बाजूने बघेना. स्टूल ओढून वर चढला आणि वरून डोकावला. मला वाटलं, दिवा बघतोय.

"साहेब," तो वरूनच म्हणाला, "या तिन्ही बायका आहेत."

"कोण बायका?"

"हेच तुमचे पैलवान. वरून बघा ना. पोटाशी कशा रुंद आहेत. नर असे नसतात, नर बारके आणि सडसडीत. तुमच्याकडे नर नाहीतच का?"

मी म्हटलं, "होते. ते समोरच्या दुकानात राहतात."

दादा, आपण इतकी वर्षं हे मासे पाळतोय, आणि मिशा आहेत म्हणून आपण सहाही पुरुष धरून चाललो! जाडे ते खादाड, बारीक ते गरीब स्वभावाचे, असं तूच सगळ्यांना सांगायचास. आणि वाटणीच्या दिवशी तू बरोबर मधोमध रेघ मारलीस. बायका सगळ्या माझ्या वाट्याला, नवरे सगळे तुझ्या. एवढी चोख वाटणी कोर्टातही होत नसेल.

मासेवाला जाताना म्हणाला, सहा एकत्र असते आणि थोडं गार पाणी दिलं असतं, तर आत्तापर्यंत तुम्हाला पिल्लं ठेवायला जागा पुरली नसती. हे ऐकल्यापासून मला चैन नाही. आता मला नुसते मासे नकोत. पिल्लं हवी आहेत. काचेला चिकटवलेली अंडी, त्यातून निघालेली मिशीवाली पोरं, सगळं हवंय.

बायकोने वहिनींना सांगितलं. वहिनी हसून हसून रस्त्यातच खाली बसल्या म्हणे. आणि आपल्या दोघांबद्दल त्यांचं एकमताने ठरलं, "तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना." यातला पहिला अर्धा भाग मला मान्य आहे.

तुझा,
धाकटा


शनिवार, १५ फेब्रुवारी

दादा,

आज हे पत्र बस कंडक्टर आणतोय. त्याचाही चष्मा माझ्याकडे आहे. पण हा माणूस नाकासमोर चालणारा, रस्ता त्याला पाठ आहे.

वाईट बातमी आधी. मंगळवारी सकाळी दुकान उघडलं तर टाकीच्या काचेवर अंडी! साबुदाण्याहून बारीक, पाणीदार, झुपक्याझुपक्याने चिकटवलेली. मी आनंदाने ओरडलो, तर समोर फ्रेम लावून बघत असलेल्या गृहस्थांना वाटलं ती त्यांना फारच शोभून दिसतेय. लगेच घेऊन गेले. ती सोनेरी, रुंद दांडीची फ्रेम, जी तू म्हणायचास की जन्मात खपणार नाही.

पण संध्याकाळपर्यंत अंडी पांढरी पडायला लागली. दुसऱ्या दिवशी त्यांवर कापसासारखी बुरशी. मासेवाला म्हणाला, नर नसला तरी माद्या कधीमधी अंडी घालतात, पण ती फुकट जातात. तिघी बिचाऱ्या आपलं काम करून पुन्हा फिल्टरमागे जाऊन बसल्या. मला इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं. ती काच पुसताना मी बायकोला उगीचच ओरडलो. मग तिने माझ्या हातातून फडकं घेतलं आणि स्वतः पुसली.

आता दुसरी गोष्ट. काल तू अक्षरांचा तक्ता भिंतीवरून काढून, गुंडाळून, दोरी बांधत होतास. माझ्या दुकानातून सरळ दिसतं, मी मुद्दाम बघत नव्हतो. वहिनींनी बायकोला तारीखही सांगितली. येत्या महिन्याच्या दहाला म्हणे तू पलीकडे जातोस. नदी म्हणजे काही रस्ता नाही दादा. तिकडून गिऱ्हाईक चालत चष्मा घेऊन यायचं नाही.

पण ते असो. ताकाला जाऊन भांडं लपवतोय असं तुला वाटेल, म्हणून सरळ सांगतो. मासे मला जाण्याआधी दे. कायमचे नकोत, संसार लागेपर्यंत. एकदा पिल्लं झाली की तुझे तीन परत. हवं तर मी तुझ्या पायरीवर येऊन घेऊन जातो, तोंडातून शब्द न काढता. मान हलवेन फक्त.

तू म्हणशील, माझे नर तुझ्या दारी का म्हणून? त्यापेक्षा माद्याच माझ्याकडे पाठव, असंही म्हणशील. अरे, त्या तिघी आधीच खचल्यात. त्यांना आणखी हलवलं तर मासेवाला मला दुकानात घेणार नाही. यात मानपान आणू नकोस. मानपानाचे आपण दोघंच पुरे आहोत.

तुझा,
धाकटा


गुरुवार, २० फेब्रुवारी

दादा,

पोचले! तिघेही पोचले, जिवंत आणि मिशांसकट.

वहिनी पितळी डबा दोन्ही हातांत धरून रस्ता ओलांडत होत्या तेव्हा कंडक्टरने रस्त्यात मधे उभं राहून दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबवल्या. शिट्टीही वाजवली. लोकांना वाटलं, डब्यात काहीतरी स्फोटक आहे. मी दारात उभा होतो. तू पडद्याच्या फटीतून बघत होतास. फटीत तुझा चष्मा चमकतो, हे तुला आजवर कुणी सांगितलं नसेल.

पण दादा, तुला जाळीने कुणी पकडायला सांगितलं त्यांना? तुला माहीत नाही का, घाबरले की ते पंखांचे काटे ताठ करतात, आणि काटे जाळीत अडकले की निघत नाहीत? वाडग्याने उचलायचे असतात. त्यातल्या सगळ्यात बारक्याच्या पंखाला जाळीचा तुकडा तसाच लटकत होता. म्हणजे तू जाळी कापलीस आणि तुकड्यासकट त्याला पाठवलंस. वहिनी सांगत होत्या, तो अडकलेला बघून तू घामाघूम झालास आणि नवी कोरी जाळी कापताना मागेपुढे पाहिलं नाहीस. त्याबद्दल तुला माफ.

तुकडा मी काढला. स्क्रूचा सगळ्यात बारीक चिमटा घेतला, डोळ्याला भिंग लावलं. तरी धागा नीट दिसेना, आपल्या टेबलावरचा दिवा अगदी मंद झालाय. शेवटी बायकोने दोन बोटांनी त्याला ओल्या फडक्यात धरलं आणि तीच सांगत गेली, "जरा डावीकडे. अहो, तुमच्या डावीकडे. हां, आता ओढा." सुटला. पाण्यात सोडला तर एक गिरकी मारून थेट फिल्टरच्या मागे.

आणि मग दादा, तू इथे असायला हवा होतास. थोड्या वेळाने फिल्टरमागून आधी एक जाडी बाहेर आली. तिच्यामागे बारक्या. मग दुसरी, तिसरी, उरलेले दोघे. रेतीवर ओळ लागली. पुढे कोण, मागे कोण, काही ठरलेलं नाही, पण एक वळला की सगळे वळतात. बाकावरची माणसं उठून टाकीपाशी आली. ज्याच्या बिल्ल्याचा नंबर पुकारला तोसुद्धा म्हणाला, "थांबा हो, दुसऱ्याला घ्या." पोस्टमास्तर तर तिथून हलेचनात. मी त्यांना टाकीजवळ खुर्ची दिली. बिल्ला न मागता. हे मी फक्त माशांच्या आनंदात केलं, त्यातून दुसरा अर्थ काढू नकोस.

बायको म्हणाली, पाण्यावर काठी मारली म्हणून पाणी दुभंगत नाही. मी म्हटलं, तू माशांबद्दल बोलतेयस ना? ती म्हणाली, नाही.

तुझा,
धाकटा


बुधवार, २६ फेब्रुवारी

दादा,

झालं! लग्न लागलं! आणि ते भर दुकानात, गर्दीच्या वेळी.

मासेवाल्याने सांगितल्याप्रमाणे मी काल टाकीतलं थोडं पाणी काढून त्याजागी गार पाणी सोडलं. आज सकाळी पुन्हा. दुपारपर्यंत टाकीत नुसती धांदल. तुझे तिघे, जे तुझ्याकडे तोंड पाडून बसायचे, ते त्या जाड्यांच्या मागे असे लागले की बघवेना. वर खाली, काचेवर, पानामागे. बँकेतल्या बाई फ्रेम घेण्यासाठी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "यांचं हे काय चाललंय?" मी म्हटलं, "मॅडम, ही गोल फ्रेम बघा, तुमच्या चेहऱ्याला छान दिसेल." त्या म्हणाल्या, "ते राहू द्या, इकडे बघा!"

मादी नराच्या कुशीत तोंड लावून क्षणभर थांबते. दोघं मिळून आडव्या-उभ्या रेघेसारखे दिसतात. मग ती पोटाखालचे पंख ओंजळीसारखे जुळवते, त्यात एकदोन अंडी. तशीच ओंजळ घेऊन जागा शोधत फिरते. इथे तोंड लावून बघ, तिथे लावून बघ. काच तोंडाने स्वच्छ करते आणि मग पोट टेकवून अंडी चिकटवते. घाई नाही की धसमुसळेपणा नाही. फ्रेमला नाकाच्या गाद्या बसवताना तुझा हात असाच चालायचा. तू काचांचं काम सोडून तपासणी धरलीस तेव्हा मला वाईट वाटलं होतं. सांगितलं नव्हतं कधी.

हे सगळं मला पोस्टमास्तर आणि बायको मिळून सांगत होते. मी मशीनवर होतो, शिवाय पाणी जरा गढूळ होतं.

आता खरी परीक्षा. हे आईबाप असे अवली की घातलेली अंडी स्वतःच गट्ट करतात. म्हणून मी बोटाने हलकेच एकेक अंडं सोडवलं. चिकट असतात, बोटाला धरून येतात. ती वेगळ्या काचेच्या भांड्यात ठेवली, त्यात मासेवाल्याने दिलेल्या निळ्या औषधाचे थेंब, आणि बुडबुड्यांसाठी तुझा नवा पंप. हो, तोही वहिनींनीच आणून दिला. तुला विचारलं का, हे मी विचारलं नाही.

रोज बघायचं, पांढरी पडलेली चिमट्याने काढून टाकायची, नाहीतर बुरशी चांगल्यांनाही लागते. चांगली अंडी चहासारखी तांबूस होत जातात. तीनचार दिवसांत पोरं बाहेर. माझी एकच इच्छा आहे की ती निघतील तेव्हा तू अजून रस्त्याच्या या बाजूला, म्हणजे त्या बाजूला, असावंस. नदीपलीकडे नसावंस.

तुझा,
धाकटा


रविवार, २ मार्च

दादा,

आज थट्टा नाही.

मी अंडी घालवली. जवळजवळ सगळी. मासे खाऊन गेले नाहीत, बुरशीने नेली नाहीत, माझ्या हाताने गेली. तीन दिवस मी सकाळी चिमटा घेऊन बसत होतो आणि खराब अंडी वेचून टाकत होतो. आज बायको भांड्यात वाकून बघते तर काय. म्हणाली, "अहो, हे काय केलंत? तांबूस होती ती काढलीत आणि पांढरी ठेवलीत!" मी म्हटलं, निळ्या औषधात रंग कळत नाही. ती म्हणाली, "मला कळतोय की." मी म्हटलं, दिवा मंद आहे. तिने दिवा बदलला. मी पुन्हा भांड्यात बघितलं. मग चिमटा तिच्या हातात दिला.

टाकीतल्या पानाच्या मागच्या बाजूला एक झुपका राहून गेला होता, तो माझ्या हाती न लागल्यामुळे वाचला. ते पान तिने कापून दुसऱ्या भांड्यात ठेवलंय. आज दुपारी त्यातली थोडी फुटली. ती सांगते, इवल्या शेपट्या हलतायत, मिशाही दिसतात. मला काहीतरी हलतंय एवढं कळतं. पण आहेत, जिवंत आहेत. मी तिला दहा वेळा विचारून घेतलं.

ठरल्याप्रमाणे तुझे तीन मासे मी परत द्यायला हवेत. दहा तारीख तोंडावर आली. देईन. वाडग्याने काढून, झाकण लावून, स्वतः आणून देईन. पण दादा, एकदा ते सहाजण ओळीने फिरताना बघितल्यावर पुन्हा दोन बरण्यांत काढायचे माझ्याच्याने होणार नाही, असं सकाळपासून वाटतंय. मग नेच सगळे. सहाच्या सहा तू घेऊन जा. जाड्यांसकट. मी पोरं सांभाळीन, बायको बघेल आणि मी गोळ्यांची पूड करीन.

खरं म्हणजे मला हेही लिहायचं नव्हतं. मला लिहायचंय की तू जाऊ नकोस. मासे घे, मशीन घे, बाक घे, पोस्टमास्तरांना बाकाच्या डोक्यावर बसव, पण नदीपलीकडे जाऊ नकोस. समोरच्या गाळ्यात राहा आणि जन्मभर बोलू नकोस, चालेल. पडदा ओढलास तरी तू त्याच्यामागे आहेस एवढं मला पुरतं. तो तक्ता गुंडाळलास त्या दिवसापासून मला समोर बघवत नाही, आणि मी दिवसभर समोरच बघत असतो.

बिल्ल्यांच्या बाबतीत मात्र माझं चुकलेलं नाही.

तुझा,
धाकटा


सोमवार, ३ मार्च

चि. धाकट्यास,

पत्रं सगळी मिळाली. मला तुझ्यासारखं पाल्हाळ लावता येत नाही, म्हणून मुद्द्याचं लिहितो.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा अक्षर नेहमीचं होतं. दुसऱ्यात ओळी वाकड्या झाल्या. विसाव्या तारखेच्या पत्रात अक्षर बोराएवढं. कालचं पत्र भिंतीवर लावलं तर तक्त्याच्या जागी चालेल. कागद तू हात लांब करून धरतोस आणि लिहितोस, हे मी माझ्या खिडकीतून बघतो. तुझी चाळिशी लागली आहे. दिव्याचा काही दोष नाही. लोकांचे डोळे आम्ही बघायचे, आणि घरातल्याने दिव्याला बोल लावायचा.

आणखी एक. गेल्या महिन्यात तू बसवलेले तीन चष्मे माझ्याकडे परत आले. काचांचा मध्य सरकलेला, एकात तर उजवी काच डावीकडे. माझा नंबर चुकला असं मी त्यांना सांगितलं आणि पोस्टमास्तरांच्या चष्मेवाल्या पुतण्याकडून नीट करून घेतले. तुझ्या हातावर लोकांचा विश्वास आहे, तो घालवायचा नव्हता. भांडण तुझ्याशी आहे, तुझ्या हाताशी नाही. हे तुला कळवणार नव्हतो. पण तू अंडी उलटी वेचलीस हे वाचलं आणि गप्प बसवेना.

जाड्या माद्या आहेत हे मला माहीत नव्हतं. मी हसलो होतो ते तू अपेक्षेप्रमाणे जाडे उचललेस म्हणून. लहानपणापासून तू मोठा तुकडा उचलतोस. तो पंप मी मुद्दाम दुसऱ्या बाजूला ठेवला होता, निदान एकदा तरी तू बारकी बाजू उचलतोस का ते बघावं म्हणून.

नदीपलीकडच्या डॉक्टरांना आज सकाळी नकार कळवला. कारण विचारत होते. मी म्हटलं, घरी एक पेशंट आहे, तो चष्मा लावत नाही. त्यांना पटलं. तुझी वहिनी ऐकत होती, ती म्हणाली हे कारण महिनाभर आधी सुचलं असतं तर तिचा पितळी डबा वाचला असता. त्याला माशांचा वास लागलाय.

मासे आता कुणी कुठे न्यायचे नाहीत. चांगलं अंडं कुठलं आणि खराब कुठलं हे ज्याला दिसत नाही, त्याच्या एकट्याच्या भरवशावर पोरं सोडता येत नाहीत. तेव्हा मलाच यावं लागणार. बिल्ल्यांवरून भांडायचं राहिलंय, ते आत येऊन भांडू.

उद्या दुकान उघडण्याआधी ये. आधी तुझे डोळे तपासतो, मग यंत्र उचलू. ते एकट्याला झेपत नाही, नेतानाही दोघेजण लागले होते. एक टोक तू धर. पण पुढे मी चालणार. तुला रस्त्यावरची गाडी दिसायची नाही.

दादा